शंखजिरे : भर की भेसळ?

शंखजिरे हा शब्द हल्ली कुणाच्या तोंडी येत नाही. काही घरांत त्याला संगजिरे म्हणत. जिऱ्याशी त्याचं काही नातं नाही आणि शंखाशीही नाही. फारसीत संग म्हणजे दगड. हिंदीत संगजराहत असा शब्द आहे, जखमेवर लावायचा दगड या अर्थाचा. आपलं संगजिरे त्यावरूनच आलं असावं आणि पुढे कुणीतरी त्याचं शंखजिरे करून टाकलं असावं, असा माझा आपला भाषेच्या शिक्षिकेचा अंदाज. असो.

तर हा एक दगड आहे. पांढरा, कधी फिकट हिरवट, कधी राखाडी. हाताला साबणासारखा गुळगुळीत लागतो म्हणून इंग्रजीत सोपस्टोन, आणि त्यातल्या शुद्ध खनिजाला टाल्क. टाल्कम पावडर म्हटलं की आता सगळ्यांची ओळख पटेल! शिंपी कापडावर खूण करायला वापरायचा तो चपटा खडू मूळचा याच दगडाचा. सायकलची नवी ट्यूब खोक्यातून काढली की बोटांना लागते ती पांढरी पूड हीच. पिकावर धुरळायच्या कीटकनाशकाच्या भुकटीतही औषध थोडं आणि अशी पूडच जास्त असायची. फळ्यावरचा खडू मात्र यातला नव्हे. तो जिप्समचा किंवा चुनखडीचा. आयुष्यभर त्याची धूळ अंगावर घेतली आहे, म्हणून तेवढं वेगळं सांगते.

मागे मी सुकेळ्यांवर लिहिलं तेव्हा एका भाच्याने लिहिलं होतं, "मावशी, वसई म्हणजे केळी आणि किल्ला एवढंच नाही. पूर्वेच्या गाळ्यांवर कधी लिहिणार?" खरंच आहे त्याचं. पण कारखान्यांचा इतिहास लिहायचा तर कुठलं तरी टोक हातात धरावं लागतं. मला हे शंखजिऱ्याचं टोक सापडलं, कारण हा दगड प्लॅस्टिकमध्ये घालतात. आणि का घालतात, हे समजून घेताना मला इतिहास तर कळलाच, पण भर आणि भेसळ या दोन शब्दांमधला फरकही नीट कळला.

आधी दगडाबद्दल. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस याने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. दहाव्या क्रमांकावर हिरा आणि पहिल्या क्रमांकावर, म्हणजे सगळ्यांत मऊ, टाल्क! नखानेसुद्धा ओरखडा उठतो. याचं कारण त्याच्या रचनेत आहे. सिलिकाचे दोन पापुद्रे आणि त्यांच्या मध्ये मॅग्नेशियमचा एक, असा एक थर. असे थरावर थर. एका थराच्या आतली बांधणी घट्ट, पण दोन थरांमधली पकड अगदी सैल. चिरोट्याचे पदर आठवा, बोट लावलं की सुटतात. म्हणूनच ही पूड हाताला रेशमासारखी लागते. तिचा प्रत्येक कण गोल नसतो, चपटा असतो. हा चपटेपणा लक्षात ठेवा, पुढे सगळी करामत त्याचीच आहे.

मऊ दगड म्हणून माणसाने तो फार पूर्वी हाती धरला. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा, ज्यांची चित्रं आम्ही पाचवी-सहावीच्या पुस्तकात दाखवायचो, त्या बहुतेक याच जातीच्या दगडाच्या. कोरताना मऊ आणि भाजल्यावर पांढऱ्या, टणक. बाराव्या शतकातली बेलूर-हळेबीडची देवळंही शंखजिऱ्याच्याच जातकुळीतल्या दगडाची आहेत. तिथल्या मूर्तींच्या गळ्यातले दागिने इतके बारीक कसे कोरले, असं सहलीला आलेली मुलं विचारायची. त्याचं अर्धं श्रेय कारागिराचं आणि अर्धं दगडाचं.

आता वसईकडे वळू.

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला वाड्या, तळी, देवळं, चर्च, किल्ला. पूर्वेला पूर्वी भातशेती, मिठागरं आणि पलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर. या पूर्व भागात, नवघर, गोखिवरे, वालीव, सातिवली, पेल्हार या गावांच्या हद्दीत, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत औद्योगिक वसाहती उठल्या. कारणं उघड होती. मुंबईत जागा महाग झाली आणि नव्या कारखान्यांवर बंधनं आली. इथे रेल्वे जवळ, अहमदाबादचा महामार्ग जवळ, आणि खाडीच्या अलीकडे मुंबई महापालिकेची जकात नव्हती. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळ सोडून नालासोपारा-विरारला आलेली अनेक कुटुंबं होती. त्यांतले काही हात या गाळ्यांना मिळाले. गाळा म्हणजे काय, तर एक शटर, एक पोटमाळा, एक-दोन मशिनं आणि दाराशी दाण्याच्या गोणी. प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाला इथे सगळे दाणा म्हणतात. साबुदाण्यासारखाच दिसतो तो.

हा दाणा आपल्याकडे कसा आला? देशात प्लॅस्टिकचं उत्पादन १९५७ मध्ये पॉलिस्टायरीनने सुरू झालं. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत तुर्भे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात पॉलिथिनचे कारखाने उभे राहिले. आपल्या गोष्टीतलं प्लॅस्टिक मात्र तिसरंच, पॉलिप्रॉपिलीन. गाळ्यातल्या भाषेत पीपी. इटलीत ज्युलियो नात्ता यांनी १९५४ साली ते घडवलं आणि १९५७ पासून तिथे त्याचा कारखाना सुरू झाला. नात्ता आणि जर्मनीचे कार्ल त्सीग्लर यांना १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. भारतात पीपी तयार होऊ लागलं ते बडोद्याच्या आयपीसीएल या सरकारी कारखान्यात, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस.

पीपी हलकं आहे, पाण्यावर तरंगतं, स्वस्त आहे, आम्लाला दाद देत नाही. पण त्याचे तीन दोष. एक, ते लवचीक आहे. लांब फळी केली तर मध्ये झोल येतो. दोन, ऊन किंवा गरम वाफ लागली की मऊ पडतं. तीन, साच्यात थंड होताना आकसतं, शंभराला दीड ते दोन इतकं. फूटभर लांबीचं झाकण पाच मिलिमीटरने आखूड होतं आणि सगळीकडून सारखंच आकसत नाही, त्यामुळे वाकडंही होतं. डब्याला झाकण बसेना, ही मोल्डिंगवाल्याची जुनी डोकेदुखी.

प्लॅस्टिकमध्ये काही तरी कालवण्याची रीत मात्र पीपीपेक्षा जुनी. १९०७ साली बेकलंड यांनी बेकेलाइट शोधलं तेव्हापासून त्यात लाकडाचा भुसा घालत आले. आपल्या जुन्या घरांतली ती काळी गोल बटणं आठवतात ना? त्यात भुसा असायचा, नाहीतर ती ठिसूळ झाली असती. पण बऱ्याच वर्षांपर्यंत अशा पदार्थाकडे पाहण्याची नजर एकच होती. महाग मालात स्वस्त माल कोंबायचा. इंग्रजीत त्याला फिलर म्हणतात, म्हणजे पोकळी भरणारा. त्या नावातच त्याची पायरी कळते.

मग १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत अकरा-बारा डॉलरवर गेला. दाणा तेलातून निघतो, त्यामुळे दाण्यात स्वस्त पूड घालण्याची निकड एकदम वाढली. खडूची पूड, चिनी माती, अभ्रक, शंखजिरे, सगळ्यांवर प्रयोग झाले. पण इथे गणित फसवं आहे, आणि मला हा भाग सगळ्यांत आवडला. शंखजिरे पीपीच्या तिप्पट जड. म्हणजे वजनाने शंभरात वीस भाग पूड घातली, तरी वस्तूच्या आकारमानातली जेमतेम सात-आठ टक्के जागा ती व्यापते. बादलीचा साचा आकारमानाने भरतो, वजनाने नाही. दाणा वाचला असं वाटतं तेवढा तो वाचत नाही! वर दळण्याचा आणि कालवण्याचा खर्च आहेच. नुसत्या स्वस्ताईवर शंखजिऱ्याला प्लॅस्टिकमध्ये टिकणं कठीण होतं. त्याला तिथे काही तरी काम करून दाखवावं लागलं.

आणि त्याने ते दाखवलं. वर सांगितलेले तिन्ही दोष त्याने कमी केले.

वितळलेलं पीपी साच्यात धावतं तेव्हा हे चपटे कण प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात, कौलांसारखे एकावर एक. त्यांच्यामुळे वस्तू वाकायला तयार होत नाही. शंभरात चाळीस भाग शंखजिरे असलं तर ताठपणा साधारण दुपटीवर जातो. उष्णतेने मऊ पडण्याची मर्यादा वीसएक अंशांनी वर सरकते. आकसणं जवळजवळ निम्म्यावर येतं. शिवाय शंखजिरे पाण्याला जवळ करत नाही, म्हणून ते ओलावा न धरता पीपीत छान मिसळतं.

चौथी गोष्ट कुणी फारशी अपेक्षिलीही नसेल. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात, ठाऊक आहे ना? दोरा नसेल तर साखरेचे खडे धरायला वेळ लागतो. दोरा मिळाला की त्याच्यावर पटापट धरतात. पीपी थंड होताना त्यातही स्फटिक धरतात, आणि शंखजिऱ्याचा प्रत्येक कण तिथे दोऱ्याचं काम करतो. माल लवकर घट्ट होतो, साचा लवकर उघडता येतो. एका नगामागे काही सेकंद वाचले, तरी दिवसभरात शेकडो नग जास्त निघतात. यासाठी फार पूड लागत नाही, शंभराला एक भागही पुरतो.

वालीवला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मोल्डिंगचा गाळा आहे. (वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, आता बारा माणसं हाताखाली आहेत.) त्याला मी विचारलं, "काय रे, हे शंखजिरे तू वापरतोस का?" तर म्हणाला, "बाई, शंखजिरे काय ते मला माहीत नाही, पण टाल्क वापरतो. पंख्याच्या आणि गाडीच्या पार्टसाठी त्याशिवाय भागतच नाही." मग त्याने मला पंख्याचं एक पातं दाखवलं, साधं आणि टाल्कचं. साधं दोन बोटांत वाकत होतं. टाल्कचं ताठ राहिलं. एवढा धडा कुठल्याही पुस्तकाने दिला नसता.

शंखजिऱ्याची पायरी खरी बदलली ती मोटारींनी. सत्तरच्या दशकापासून मोटारी हलक्या करण्याची धडपड सुरू झाली, आणि लोखंडाच्या जागी प्लॅस्टिक आलं. बम्पर, डॅशबोर्ड, हीटरची पेटी, पंख्याचा घेर. अशा भागांत दहा ते चाळीस टक्के शंखजिरे असतं. ते किती घालायचं, किती बारीक दळलेलं, त्यात लोहाचा अंश किती चालेल (जास्त झाला तर उष्णतेत प्लॅस्टिक लवकर जुनं होतं), हे सगळं मोटारवाले लिहून देऊ लागले. आणि त्या भागाच्या आतल्या बाजूला तसं छापणंही आलं. पीपी-टीडी-२० अशी खूण इंग्रजी अक्षरांत असते. टी म्हणजे टाल्क, डी म्हणजे पूड, आणि २० म्हणजे शंभरात वीस भाग. जो पोकळी भरायला आला होता, त्याचं नाव आता मालावर छापलं जाऊ लागलं. माझ्या मते शंखजिऱ्याच्या इतिहासातला हा सगळ्यांत मोठा क्षण.

पण हे झालं नाण्याच्या एका बाजूचं.

शंखजिऱ्याने वस्तू ताठ होते, तशी ती ठिसूळही होते. वाकणार नाही, पण जोराचा धक्का बसला तर तडकेल. ओरखडा उठला तर पांढरी रेघ दिसते. म्हणून मोटारवाले त्यात रबरासारखा पदार्थ घालून तोल साधतात. जिथे कुणी विचारणारं नाही, तिथे तोल राहतोच असं नाही. प्लॅस्टिकची एकसंध खुर्ची घ्या. फ्रान्समध्ये आँरी मासोने यांनी १९७२ मध्ये तिचा एक नमुना केला, ऐंशीच्या दशकात ती जगभर पसरली आणि आपल्या लग्नाच्या मांडवात, सत्यनारायणाला, शोकसभेला, सगळीकडे जाऊन बसली. चांगल्या खुर्चीतही थोडी पूड असते आणि ती असावीच, तिच्यामुळे पाय फाकत नाहीत. पण वाटेल तेवढी खडूची पूड आणि चार वेळा वितळवलेला दाणा अशी खुर्ची असली, की काय होतं ते आमच्या नात्यातल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारा. पंगतीची वाट बघत बसले होते. मागचा पाय कडकन मोडला. खुब्याचं हाड गेलं आणि पुढे ते काठीशिवाय चालले नाहीत. कुठल्या हॉलमध्ये, कुणाची खुर्ची, हे सांगून आता उपयोग नाही. त्या खुर्चीवर कसलीच खूण नव्हती, एवढं मात्र मी स्वतः उलटी करून पाहिलं.

खडूची पूड आणि शंखजिरे यांतला फरक इथे सांगायला हवा. खडूचे कण चपटे नसतात, साधारण गोळीसारखे असतात. त्यांना त्यांची कामं आहेत, पण शंखजिऱ्यासारखा ताठपणा ते देत नाहीत. आणि जिथे माल वजनावर विकला जातो तिथे जड पूड घालण्याचा मोह काय असतो, हे दुधात पाणी घालणाऱ्यांच्या देशात मी काय समजावून सांगू!

घरी एक प्रयोग करून बघा. मोडक्या वस्तूचा असा तुकडा घ्या, ज्यावर त्रिकोणात ५ आकडा किंवा इंग्रजीत पीपी लिहिलं आहे. तो पाण्याच्या बादलीत टाका. तरंगला तर पूड नाही किंवा थोडी आहे. बुडाला तर शंभरात चौदा-पंधरा भागांपेक्षा जास्त पूड आहे. ती शंखजिऱ्याची की खडूची, हे मात्र पाणी सांगू शकत नाही. नातवंडांना आर्किमिडीज शिकवायला याच्यापेक्षा बरं साधन नाही.

हाच प्रयोग भंगारवाले रोज करतात. मिश्र प्लॅस्टिकचा चुरा हौदात सोडायचा, तरंगतं ते पीपी आणि पॉलिथिन, बुडतं ते दुसरं. पण पूड भरलेलं पीपी बुडतं आणि भलत्या ढिगात जातं. म्हणजे शंखजिऱ्याने वस्तू सुधारली, पण तिचा पुनर्जन्म अवघड करून ठेवला. छापलेली खूण इथेही उपयोगी पडते, पण चुरा झाल्यावर खूण कुठली राहणार?

आणि दगड येतो कुठून? मुख्यतः राजस्थानातून आणि उत्तराखंडातून. उत्तराखंडातल्या बागेश्वर जिल्ह्यात कांडा भागातल्या गावांत घरांना आणि शेतांना भेगा पडल्या. जानेवारी २०२५ मध्ये नैनीतालच्या उच्च न्यायालयाने त्या जिल्ह्यातलं शंखजिऱ्याचं खाणकाम थांबवण्याचा आदेश दिला. डोंगर मऊ दगडाचा आणि वर गाव, दुसरं काय होणार?

पुढे दळण आणि मिसळण. पूर्वी गाळ्यांत दाणा आणि पूड पिंपात हातानेच कालवत, थोडं तेल घालून, म्हणजे पूड दाण्याला चिकटेल. त्या वेळी पिंपाजवळचा माणूस भूत दिसायचा. आता बहुतेक जण आधीच पूड मिसळलेला दाणा विकत घेतात. त्याला मास्टरबॅच किंवा कंपाउंड म्हणतात. माझ्या विद्यार्थ्याच्या गाळ्यात जमीन स्वच्छ होती. पण धूळ नाहीशी झालेली नाही, ती दळणाऱ्याच्या आणि कालवणाऱ्याच्या कारखान्यात गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं. काही खाणींत शंखजिऱ्याच्या शेजारी ॲस्बेस्टॉसची खनिजं असतात, तो धोका तर निराळा आणि ठरलेलाच. खुर्चीत बसणाऱ्याने घाबरायचं कारण नाही, पूड तिथे प्लॅस्टिकमध्ये बंद आहे. जपायचं ते श्वासातून जाणाऱ्या धुळीला, म्हणजे पोती उघडणाऱ्या माणसाला. त्याच्या नाकावर चांगला मास्क आणि डोक्यावर धूळ ओढून घेणारा पंखा असणं हा त्या दाण्याच्या किमतीचाच भाग धरला पाहिजे.

तर भर की भेसळ? पूड तीच. दुधातलं विरजण भर आहे, पाणी भेसळ आहे. मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. घातलेली गोष्ट काही काम करते का? ती मापात आहे का? आणि घातली आहे, हे घेणाऱ्याला सांगितलं आहे का? मोटारीच्या बम्परमधलं शंखजिरे तिन्ही प्रश्नांना उत्तर देतं. त्या मांडवातल्या खुर्चीतली पूड एकाही प्रश्नाला देत नाही. मोटारीच्या भागावर चार अक्षरं छापता येतात, तर खुर्चीच्या बुडाखाली का नाही? जागा तर भरपूर आहे!

गाळ्यांच्या वसईबद्दल अजून पुष्कळ लिहायचं आहे. बटणं, कंगवे, पेनांची टोपणं, सगळ्यांच्या गोष्टी आहेत. ज्यांनी त्या काळात तिथे काम केलं असेल, किंवा ज्यांच्या घरात कुणी केलं असेल, त्यांनी जरूर लिहा. जाणकारांनी भर घालावी, असं आपण नेहमी म्हणतो. या वेळी ते शब्दशः घ्या. आणि कितीही घाला, माप मी बघेन.